अबोल सहकाऱ्यांशी बोलायला सुरुवात कशी करावी? (मी स्वतःही बुजरा आहे)

उदगीरकर (प्रश्नकर्ता):

नमस्कार. मी मूळचा लातूर जिल्ह्यातील उदगीरचा. स्पर्धा परीक्षेतून लिपिक म्हणून निवड झाली आणि गेल्या पावसाळ्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका शासकीय कार्यालयात रुजू झालो. आमच्या खोलीत तिघे बसतो. एक ज्येष्ठ कारकून आहेत. त्यांना सर्व जण भाऊसाहेब म्हणतात आणि ते पुढील वर्षी निवृत्त होणार आहेत. दुसऱ्या, आवक-जावक सांभाळणाऱ्या सहकारी साधारण माझ्याच वयाच्या आहेत. दोघेही सज्जन आहेत आणि मी कामात अडलो तर हातातले बाजूला ठेवून मदत करतात. परंतु कामाव्यतिरिक्त त्यांच्या तोंडून दिवसभरात एखादेच वाक्य निघते.

माझी अडचण अशी, की मी लहानपणापासून बुजरा आहे. आजवर ते फारसे जाणवले नाही, कारण गावाकडे, वसतिगृहात आणि लातूरच्या अभ्यासिकेत माझ्याभोवती बोलकी माणसे होती. ती बोलत, मी ऐकत असे, आणि अधूनमधून हुंकार दिला तरी मैत्री टिकत असे. येथे तो भार उचलणारे कोणी नाही. सकाळी खोलीत आल्यापासून काय बोलावे याची मनात जुळवाजुळव सुरू होते, वाक्य तयार होईपर्यंत वेळ निघून जाते, आणि आता बोललो तर विचित्र दिसेल असे वाटून मी नस्ती (फाइल) उघडतो. चहाच्या वेळी माझा कप बशीवर टेकल्याचा आवाजसुद्धा मला मोठा वाटतो. ते दोघे आपसात मालवणीत बोलतात आणि माझ्या बोलण्यात मराठवाड्याचा हेल आहे, हा संकोच वेगळाच.

अबोल माणसांना उपद्रव न वाटता त्यांच्याशी बोलायला सुरुवात कशी करावी? की त्यांना शांतताच हवी आहे असे समजून मीही गप्प राहावे? ‘आत्मविश्वास वाढवा’ यापेक्षा काही नेमके सांगितलेत तर उपकार होतील.

जुने दप्तर:

माझे आयुष्य कारकुनीत गेले असल्यामुळे तुमची खोली मला न पाहताही दिसते. तुम्ही ‘कामाव्यतिरिक्त’ या शब्दापाशी अडला आहात. ज्या माणसाने उमेदीची सगळी वर्षे कागद हाताळण्यात घालवली आहेत, त्याच्याशी बोलण्याची वाट कागदांतूनच जाते. हवापाण्याच्या गप्पा त्याला सुचत नाहीत आणि दुसऱ्याने काढल्या तर त्या लवकर कशा संपतील याकडे त्याचे लक्ष असते.

कार्यालयातील कागद लावून ठेवण्याची सहा गठ्ठा पद्धत तुम्हाला शिकवली असेलच. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद असे ते सहा गठ्ठे. जपून ठेवायच्या अभिलेखांची (जुन्या कागदपत्रांची) मुदत वर्गाप्रमाणे असते: ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १० वर्षांचा, ‘क-१’ ५ वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा, हे नियमात लिहिलेले आहे. मात्र एखादे जुने प्रकरण ‘क’ ऐवजी ‘ब’ मध्ये का ठेवले गेले आणि तेव्हा कोणत्या साहेबांशी त्यावरून वाद झाला, हे कोठेही लिहिलेले नसते. ते भाऊसाहेबांना ठाऊक असते. ‘हे कोणत्या वर्गात जाते?’ असे विचारलेत तर एका अक्षराचे उत्तर मिळेल. ‘यावर क-१ लिहिले आहे, तुम्ही असता तर काय लिहिले असते?’ असे विचारलेत तर ते चष्मा काढून बोलू लागतील. माहितीपेक्षा मत विचारावे, एवढेच सांगायचे आहे.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. गाव कोणते, आडनाव काय, कोणत्या वाडीतले, ही सुरुवात आपल्याकडे निरुपद्रवी समजली जाते. ती तशी नाही. त्या प्रश्नांतून जात चाचपली जाते हे विचारणाऱ्याच्या ध्यानात येत नसेल, पण ऐकणाऱ्याच्या बरोबर येते, आणि मुळातच मितभाषी असलेला माणूस त्यानंतर महिनोन् महिने सावरून बसतो. लग्न, मुलेबाळे, घर स्वतःचे की भाड्याचे, हेही प्रश्न याच जातीचे. दुसऱ्याचे विचारण्यापूर्वी स्वतःचे थोडे सांगावे. तुमच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असणार. भात-आमटी जेवणाऱ्या माणसांपुढे चटणीची डबी सरकवायला वाक्य जुळवावे लागत नाही. आणि भाऊसाहेबांना इतिहासाची आवड असेल, तर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगीरलाच हरवले होते हे सांगायला हरकत नाही. तुमच्या गावाचे भांडवल तुम्ही वापरलेलेच दिसत नाही.

मनोविद्या:

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. वरील प्रतिसादातील व्यवहारज्ञान मला मान्य आहे. मी प्रश्नकर्त्याच्या बाजूने थोडे लिहिते.

बुजरेपणा आणि अंतर्मुखता बाहेरून सारख्या दिसतात, परंतु त्यांचे मूळ निराळे आहे. बुजऱ्या माणसाला बोलायचे असते आणि भीती आड येते. अंतर्मुख माणसाला भीती असतेच असे नाही, त्याची बोलण्याची गरजच कमी असते. तुमच्या खोलीत तीन गप्प माणसे आहेत, पण तिघांच्या गप्प राहण्याचे कारण एकच असेल असे गृहीत धरू नका. भाऊसाहेब कदाचित पूर्णपणे समाधानी असतील. सहकारी कदाचित तुमच्याइतक्याच अवघडलेल्या असतील. बुजरेपणा काही दुर्मीळ गोष्टही नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिंबार्डो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला बुजरे म्हटले होते.

तुमच्या लिखाणातील कपबशीचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. अशा प्रसंगी माणसाचे लक्ष समोरच्याकडून निघून स्वतःवर खिळते. आपला आवाज, आपले हात, आपला हेल हे सगळे तो आतून तपासू लागतो आणि आतून जसे वाटते तसेच बाहेर दिसत असणार असे धरून चालतो. प्रत्यक्षात तसे दिसत नसते. कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा शर्ट घालून वर्गमित्रांच्या खोलीत पाठवले होते. खोलीतील निम्म्या लोकांना शर्टावरचे चित्र ओळखता येईल असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते साधारण चौथाई लोकांच्याच लक्षात राहिले.

याच मांडणीचा दुसरा भाग असा, की भीती टाळण्यासाठी आपण जे उपाय करतो, तेच भीतीला जिवंत ठेवतात. वाक्य आधी मनात घोटणे हा तसा एक उपाय आणि नस्ती उघडणे हा दुसरा. म्हणून पहिला सराव बोलण्याचा करू नका, लक्ष बाहेर नेण्याचा करा. भाऊसाहेब आज कोणत्या प्रकरणावर अडले आहेत, सहकाऱ्यांच्या मेजावरचा टपालाचा ढीग आज नेहमीपेक्षा मोठा आहे का, हे खरोखर पाहा. पाहिलेल्यावर बोलायचे वाक्य घोटावे लागत नाही. ‘आज टपाल फार दिसते’ हे पुरेसे वाक्य आहे, आणि त्याला नुसती मान हलली तरी ते वाया गेलेले नसते.

भीती टाळण्याऐवजी तिच्यासमोर उभे राहण्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे आहे. कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठी वाचकांना परिचित आहेच. मुलींशी बोलण्याच्या भीतीने ग्रासलेल्या एलिस यांनी वयाच्या १९ व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पती उद्यानात, बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी महिनाभर बोलायचे असे स्वतःवर बंधन घातले. त्यांनी सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे १३० पैकी ३० जणी तत्काळ उठून गेल्या आणि १०० जणींशी बोलणे झाले. भेटायला येण्याचे एकीनेच कबूल केले आणि तीही आली नाही. त्यांची भीती मात्र बरीचशी गेली, कारण ज्या आपत्तीची ते कल्पना करत होते, ती एकदाही ओढवली नाही.

मितभाषिणी:

मी अबोल आहे, बँकेत काम करते, आणि माझ्याशी बोलण्याचे प्रयोग आजवर अनेकांनी केले आहेत. त्यामुळे एलिस यांची गोष्ट वाचताना माझे लक्ष त्यांच्यापेक्षा बाकावर बसलेल्या त्या १३० जणींकडे गेले. त्यांच्यापैकी किती जणींना त्या दिवशी कोणाशी बोलायचे होते? आपली भीती घालवण्यासाठी दुसऱ्याची शांतता सरावाला घेणे मला पटत नाही. उद्यानातील अनोळखी स्त्री उठून तरी जाऊ शकते. कार्यालयातील सहकारी संध्याकाळपर्यंत तेथेच बसलेली असते.

तरीही आम्हाला बोलणे नकोच असते असे समजू नये. काय नको असते ते सांगते. ‘तुम्ही काहीच बोलत नाही हो’ हे वाक्य नको असते, मग ते कितीही मायेने म्हटलेले असो. त्याला काय उत्तर द्यायचे? चार जणांसमोर अचानक ‘आता मॅडमना विचारू या’ असे म्हणून सगळ्यांच्या माना वळवणे नको असते. आणि आम्ही एखादे वाक्य मोठ्या कष्टाने बोललो, की ‘अरे वा, आज बोलल्या’ असा सोहळा तर मुळीच नको असतो.

हवे काय असते, तर ज्याला लहान उत्तरही चालेल असे बोलणे. मी ‘हो’ म्हटले आणि समोरचा निवांतपणे आपल्या कामाला लागला, तर पुढच्या वेळी मीच दोन शब्द जास्त बोलते, कारण या माणसाशी बोलणे सुरू केले तर बंदही करता येते हे मला कळलेले असते. बोलके लोक नेमके हेच करू शकत नाहीत. उदगीरकर, याबाबतीत तुमचा बुजरेपणा तुमच्या उपयोगाचा आहे. तसेच, समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा बाजूबाजूला उभे राहून काहीतरी करताना बोलणे आम्हाला सोपे जाते. गठ्ठे बांधताना, छायाप्रती काढताना, पावसात जिन्यात खोळंबलेले असताना डोळ्यांत पाहावे लागत नाही आणि मध्येच थांबले तरी ते खटकत नाही.

आदल्या वेळचे लक्षात ठेवणे, ही गोष्टही बोलण्याइतकीच मोलाची आहे. माझ्या आईचे डोळ्यांचे ऑपरेशन असल्याचे मी एका सहकाऱ्याला ओझरते सांगितले होते. पुढच्या आठवड्यात त्यांनी फक्त ‘आई आता वाचू शकतात का?’ एवढे विचारले. त्या शाखेत मी सर्वांत जास्त त्यांच्याशीच बोलत असे.

खडू-फळा:

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मितभाषिणी यांच्या म्हणण्याला वर्गातला एक आधार देते. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी अनेक वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत असे त्यांना आढळले. तोच थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. प्रत्यक्ष थांबून पाहिल्यावर ते किती लांब असतात ते कळते. बुजरा माणूस तर त्या अवधीत घाबरून आपल्या प्रश्नाचे उत्तर आपणच देऊन टाकतो, किंवा ‘जाऊ द्या, काही नाही’ असे म्हणून प्रश्नच मागे घेतो. भाऊसाहेबांना मत विचारलेत, की कागदाकडे पाहत स्वस्थ उभे राहा. ते विचार करत असतील.

भाषेबद्दल वाटणारा संकोच मला अनाठायी वाटतो. मालवणी समजत नसेल तर एखादा शब्द खुशाल विचारा. एरवी कोणी अर्थ विचारत नाही अशा आपल्या बोलीबद्दल सांगायला मितभाषी माणसालाही आवडते.

लोकलप्रवासी:

डोंबिवलीहून रोज एकाच वेळेच्या गाडीने, एकाच डब्यातून जाणाऱ्यांत ओळख कशी होते हे पाहण्यासारखे आहे. पहिले काही महिने फक्त मान हलते, मग जागा धरली जाते, मग एखाद्या दिवशी तो आला नाही तर दुसऱ्या दिवशी ‘काल दिसला नाहीत’ एवढेच विचारले जाते. नाव पुष्कळदा वर्षानंतर कळते. तुम्ही एका पावसाळ्यातच घाईला आलात.

उदगीरकर (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनापासून आभार. भाऊसाहेबांच्या बाबतीत काय करायचे ते पुष्कळसे स्पष्ट झाले. सहकारी मॅडमच्या बाबतीत मात्र एक वेगळी अडचण आहे, जी मी प्रश्नात लिहायला कचरलो. गाव लहान आहे, कार्यालय त्याहून लहान आहे. एका अविवाहित पुरुषाने सहकारी स्त्रीशी मुद्दाम बोलायला सुरुवात केली, तर त्यांना किंवा इतरांना त्याचा भलता अर्थ लागेल अशी मला धास्ती वाटते. ही धास्ती माझ्या बुजरेपणातून आली आहे की रास्त आहे, हेच मला ठरवता येत नाही.

मितभाषिणी:

ती रास्त आहे आणि तिच्यामुळे गप्प बसण्याचे कारण नाही. जे बोलायचे ते भाऊसाहेब खोलीत असताना, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोला. दोघांना मिळून बोललात तर आणखी चांगले. चटणीची डबी आधी भाऊसाहेबांपुढे जाऊ द्या. कार्यालयाच्या वेळेनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर कामाशिवायचा संदेश पाठवू नका, ‘सुप्रभात’ सुद्धा नको. त्यांनी कधी विषय वाढवला नाही, तर त्याचे कारण शोधत बसू नका. आणि बसच्या थांब्यावर त्या एकट्या उभ्या असतील, तर नमस्कार करून थोडे अंतर ठेवून उभे राहा. या मर्यादा पाळणाऱ्या पुरुषाशी बोलताना स्त्रीला निर्धास्त वाटते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

मनोविद्या:

बाकावरच्या स्त्रियांबद्दलचा मितभाषिणी यांचा आक्षेप मी मान्य करते. एलिस यांच्या प्रसंगातून घेण्यासारखे आहे ते स्वतःच्या भाकिताची पडताळणी करणे, आणि ती पोस्टाच्या खिडकीवर किंवा भाजीवाल्या मावशींशी बोलूनही होते.

आणखी एक निरीक्षण उपयोगी पडेल. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्यांदाच बोललेल्या दोन माणसांना एकमेकांबद्दल काय वाटले हे स्वतंत्रपणे विचारले होते. समोरच्याला आपण जितके आवडलो असे लोकांना वाटत होते, त्याहून ते प्रत्यक्षात अधिक आवडलेले होते. एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये ही तफावत कित्येक महिने टिकून राहिली. तेव्हा बोलणे झाल्यावर घरी जाऊन ‘मी काय बरळलो’ याची जी उजळणी तुम्ही बहुधा करत असाल, तिच्या निकालावर फार विश्वास ठेवू नका.

हा बुजरेपणा वाढून बैठकीला जाणे, दूरध्वनी उचलणे किंवा चार माणसांत जेवणेही तुम्ही टाळू लागलात, छातीत धडधड, घाम, झोप उडणे असे होऊ लागले, तर मग तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही. त्यावर बोधनिक-वर्तन उपचारपद्धतीचा, म्हणजे विचार आणि वागणे यांत बदल घडवणाऱ्या उपचाराचा, चांगला उपयोग होतो. जवळपास कोणी तज्ज्ञ नसेल, तर शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तुमच्या लिखाणावरून तशी वेळ आलेली दिसत नाही.

जुने दप्तर:

एक राहिले. भाऊसाहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार म्हणता, म्हणजे वयाची ५८ वर्षे पूर्ण होतील त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी त्यांना कार्यभार सोपवावा लागेल. तो बहुधा तुमच्याकडेच येईल. निवृत्तीनंतर काय करणार, हे त्यांना विचारू नका. तो प्रश्न त्यांना प्रत्येक जण विचारत असतो आणि त्याचे उत्तर अनेकांकडे नसते. त्याऐवजी आतापासूनच, शनिवार-रविवारची सुट्टी लागण्याआधी शुक्रवारी दुपारनंतर काम हलके असते तेव्हा, ‘कपाटातील नस्त्यांची यादी करायला घेऊ का? तुम्ही सांगा, मी लिहितो’ असे म्हणा. तुम्हाला फक्त लिहायचे असल्यामुळे तुमचा बुजरेपणा आड येणार नाही, आणि प्रत्येक नस्तीला काही ना काही इतिहास असल्यामुळे ते गप्प राहू शकणार नाहीत. आवक क्रमांक लागतीलच. ते सांगायला मॅडमना बोलवा. यादी दोन प्रतींत करा आणि कार्बन कागद कार्यालयात मिळेल या भरवशावर राहू नका.